छातीवरच्या सहा जागा

४ फेब्रुवारी

बारके,

पाकिटावरचं अक्षर तुझ्या लेकीचं आहे. मी मुद्दाम तिच्याकडून पत्ता लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर पाकीट न फोडताच कचऱ्यात गेलं असतं, आणि मला त्याचं नवलही वाटलं नसतं. आता फोडलंच आहेस तर एवढी दोन पानं वाच. चहा उकळेपर्यंत वाचून होतील.

तिला रागावू नकोस. इथे नोकरीला लागल्यापासून चार-पाच रविवारी ती माझ्याकडे जेवायला आली. तुला सांगायचा तिला धीर झाला नाही. मावशीकडे जेवणं हा काही गुन्हा नाही, पण आपल्या घरात तो गुन्हा करून ठेवलाय आपण दोघींनी.

तिच्याकडून कळलं ते असं. शाळेच्या कँटीनमध्ये खालच्या कोठीतून वर स्वयंपाकघरात यायला बावीस पायऱ्या आहेत आणि हल्ली तू त्यात दोनदा थांबतेस. पूर्वी पिठाचं पोतं एकटी वर आणायचीस. चढताना घाम फुटतो, मळमळतं, डावा जबडा दुखतो. जबड्यासाठी दाढ काढून घेतलीस. दाढ गेली, दुखणं आहे तिथेच. आणि कुणी काही विचारलं की ‘वयाचं आहे गं’ म्हणून मोकळी होतेस. शिवाय फोनवर जाहिरात बघून कसल्याशा गोळ्या मागवल्यास, बायकांचं वय थांबवणाऱ्या. बाई गं! वय थांबवणारी गोळी असती तर आमच्या हॉस्पिटलातल्या हृदयाच्या डॉक्टर मॅडमनी आधी खाल्ली असती.

तुझी पाळी जाऊन आठ वर्षं झाली. बसल्या जागी एकदम गरम वाफा येतात, त्या वयाच्या असू शकतात. पण जिना चढताना येतो आणि थांबलं की जातो तो घाम वयाचा नसतो. मी डॉक्टर नाही. तेहतीस वर्षं इसीजीच्या खोलीत आहे, दिवसाला तीस-चाळीस छात्या बघते, त्यावरून सांगते. बायकांचं हृदय बिघडलं की सिनेमातल्यासारखी छाती धरून कोसळत नाहीत त्या. जबडा दुखतो, पाठ दुखते, थकवा येतो, अपचन झाल्यासारखं वाटतं. मग दातवाल्याकडे जातात, नाहीतर पोटाचं औषध घेतात.

इसीजी काढ, रक्त तपासून घे, हृदयाच्या डॉक्टरला दाखव. एवढंच सांगायला लिहिलं. बाकीचं काही उकरून काढायचं नाहीये मला.

सही करत नाही. अक्षर ओळखशील.


२१ फेब्रुवारी

बारके,

तुझा कागद मिळाला. सामानाच्या यादीच्या पाठीवर लिहिलायस. पुढच्या बाजूला ‘बटाटे तीस किलो, मीठ, भांड्यांचा साबण’ असं आहे आणि मागे माझ्यासाठी तीन ओळी. ‘अकरा वर्षं तेलाचा थेंब जिभेवर ठेवलेला नाही. उकडलेलं खाते. मला काय होणार आहे? तळणानं माणूस मरतं, हे तुझंच म्हणणं होतं.’

हो, माझंच होतं.

मला हे माहीत नव्हतं. तू माझ्याशी बोलणं टाकलंस ते माहीत होतं, तेल टाकलंस ते नव्हतं. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, ‘मावशी, मला वाटलं आईला आवडतच नाही.’ रोज तीनशे पोरांसाठी कढईपुढे उभी राहतेस आणि स्वतः उकडलेला बटाटा आणि पांढरा पाव खातेस. वर साखर घातलेला चहा, दिवसाला सहा कप. हेही तिनंच सांगितलं, मोजून. पोरगी माझ्यावर गेलीय.

आता ऐक, आणि नाकाला मिरच्या झोंबू देऊ नकोस. पाळी चालू असते तोवर अंगातली संप्रेरकं बाईच्या रक्तवाहिन्यांना जपतात. पाळी गेली की तो पहारा उठतो. तेलाला शिवलं नाही तरी रक्तातली चरबी वाढते, कारण ती बरीचशी आपलं यकृतच तयार करतं. पांढरा पाव आणि साखर यांनी आणखी भर पडते. रक्तदाब चढतो, आणि पोटाभोवती वजन बसतं. तुझी पाळी चव्वेचाळीसाव्या वर्षी गेली, म्हणजे बऱ्याच जणींच्या आधी. माझी त्रेपन्नला गेली. मी तळलेलं खाते, गोडही खाते, आणि माझ्यापेक्षा धोका तुला जास्त आहे. यात न्याय वगैरे काही नाही, असं आहे एवढंच.

आमच्या मॅडम म्हणतात, सगळं तेल वाईट नसतं. मूठभर शेंगदाणे, बदाम परवडले तर बदाम, मासे खात असशील तर मासे, डाळी, पालेभाजी, न चाळलेल्या पिठाचं काहीतरी. उपाशी राहून किंवा कोरडं खाऊन हृदय सुधारत नाही. त्या जाहिरातीतल्या गोळ्यांबद्दलही विचारलं मी त्यांना. त्या म्हणाल्या, संप्रेरकांच्या गोळ्या काही बायकांना देतात, वय बघून, तपासण्या करून, पण फोनवरून मागवलेल्या पाकिटात काय आहे ते देवालाच माहीत. बंद कर.

आणि एक गोष्ट. आईची पाळीही चव्वेचाळीस-पंचेचाळीसलाच गेली होती. तू अंगानं तिच्यासारखी आहेस. चालतेसही तिच्यासारखी, एक खांदा खाली टाकून. म्हणून म्हणते.

त्या दिवशी मी जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले, हे मला आठवतं. तू विसरली असशील असं मी कधी समजले नाही. आत्ता तो विषय नको.

इसीजी काढ.


१२ मार्च

बारके,

तू जाऊन आलीस हे बरं केलंस. इसीजीच्या पट्टीची झेरॉक्स मिळाली. कोपऱ्यात तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनी ‘नॉर्मल’ लिहिलंय आणि खाली तू लिहिलंयस, ‘झालं समाधान? आता पत्रं थांबव.’

बाई, समाधान झालं असतं तर खरंच थांबवली असती. पण ही पट्टी परत काढायला लागेल. झेरॉक्स जरा अंधुक आहे. मशीन जुनं असावं. कधी कधी छातीला लावायची जेली कमी पडते, कधी वायर सैल असते. दुसरीकडे जाऊन काढ, मोठ्या हॉस्पिटलात. सोबत चालवून बघण्याची तपासणी असते, पट्ट्यावर चालायला लावतात, तीही करून घे. लेक सोबत येईल तुझ्या. रजा टाकायला तयार आहे ती.

जास्त काही नाही. परत काढ एवढंच.


१७ मार्च

बारके,

काल तुझी लेक आली होती. आईला परत तपासणीला पाठव असं मी तिला सांगितलं होतं, त्यावर तू हसलीस म्हणे. म्हणालीस, ‘तुझ्या मावशीला दुसऱ्यानं केलेलं काही बरोबर दिसतच नाही. डॉक्टर नॉर्मल म्हणतो, ही म्हणते मशीन खराब. आईच्या वेळी तिच्या पट्टीवर विश्वास ठेवला, आता माझ्या पट्टीवर मी ठेवते.’

हे ऐकल्यावर मी पोरीला बटाटे सोलायला बसवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. मागचं पत्र खोटं होतं. मशीन जुनं वगैरे काही नाही. झेरॉक्स स्पष्ट आहे. मला त्यात काय दिसलं ते सांगायचं तर दुसरंही सांगावं लागतं, म्हणून मी वायर आणि जेलीवर वेळ मारून नेली. ते इथून पुढे चालणार नाही असं दिसतंय.

नीट वाच. इसीजी काढताना हातापायांना चिमटे लावतात आणि छातीवर सहा रबरी गोळे. त्या सहा जागा ठरलेल्या आहेत. फासळ्या बोटांनी मोजत खाली यायचं. पहिले दोन गोळे चौथ्या आणि पाचव्या फासळीच्या मधल्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन बाजूंना. चौथा त्याच्याही खालच्या फटीत, म्हणजे बाईच्या बाबतीत स्तन उचलून त्याच्या खाली. पुढचे दोन तिथून काखेच्या दिशेनं, आणि तिसरा दुसऱ्या-चौथ्याच्या मधे. यासाठी कपडे काढावे लागतात, आणि लाज बाजूला ठेवावी लागते, आपली आणि समोरच्या बाईची.

ते होत नाही. मी शिकले तेव्हा मला शिकवणाऱ्या बाईंनीच सांगितलं होतं, ‘बाई अवघडली तर गळ्यातून हात घालायचा आणि वरच्या वर लावून टाकायचं. पट्टी येतेच.’ पट्टी येते, तेवढं खरं आहे. पण दोन फासळ्या वर लावलेल्या गोळ्यांची पट्टी भलतंच सांगते. कधी नसलेलं दाखवते, कधी असलेलं झाकते. घाईतला डॉक्टर तिच्यावर नॉर्मल लिहून मोकळा होतो. त्याला कुठं माहीत असतं की गोळे कुठं होते!

तुझ्या पट्टीत छातीवरच्या पहिल्या दोन गोळ्यांच्या रेघांमध्ये प्रत्येक ठोक्याच्या आधी जो छोटा उंचवटा असतो, तो खाली वळलाय. तुझ्यावर गोळे वर लावलेत. त्या दवाखान्यात कुणी पोरगी असेल, तुझा गळ्याशी घट्ट कपडा बघून तिनं तुला बटणं काढायला सांगितलं नसेल. मला ते एका नजरेत कळलं, कारण माझ्याकडे तशीच एक पट्टी आहे. आईची.

आता सगळं सांगते. तू इथेच राहायचीस तेव्हा. लेकीच्या तेराव्या वाढदिवसाला तू बटाट्याचे काप तळले होतेस, आई भरपूर जेवली, आणि तासाभरानं तिला कसंसंच व्हायला लागलं. घाम, मळमळ, पाठ दुखणं. तू म्हणालीस, हॉस्पिटलात ठेवू. मी म्हणाले, थांब, आधी इसीजी काढते. रविवार होता, खोलीची चावी माझ्याकडे होती. तू बाहेर बाकावर बसलीस. आत आईची पट्टी मी काढली. सहाही गोळे मी गळ्यातून हात घालून वर लावले. आईनं बटणं काढायला नको म्हटलं, तुला माहीतच आहे ती कशी होती. ड्यूटीवरच्या डॉक्टरनी पट्टी बघितली, अपचन म्हणाले, औषध दिलं. तू तरीसुद्धा म्हणालीस, ‘ताई, ठेवून घेऊ या एक दिवस.’ मी म्हणाले, ‘पट्टी स्वच्छ आहे, उगाच पसारा नको.’ तू माझ्यावर विश्वास ठेवलास. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

आणि मग माणसं जमलेली असताना मी तुला म्हणाले की तुझ्या तळणानं गेली. वीस वेळा सांगितलं होतं तिला तेलकट देऊ नको म्हणून. ते बोलले तेव्हा मला पट्टीचं सुचलेलं नव्हतं. शपथ. दुःखात कुणावर तरी घसरायचं होतं आणि तू समोर होतीस.

चौथ्या दिवशी कामावर गेले आणि फायलीतून ती पट्टी काढून बघितली. पहिल्या दोन रेघा. छोटा उंचवटा खाली. मी स्टुलावर बसले, आणि बाहेर नंबर लावून बायका बसल्या होत्या म्हणून परत उठले. पट्टी पर्समध्ये घातली ती अजून माझ्याकडेच आहे. त्याच संध्याकाळी तुझ्याकडे यायला हवं होतं. आले नाही. दुसऱ्या दिवशी येईन म्हटलं. मग तू फोन उचलणं बंद केलंस आणि मला हायसं वाटलं. हेही लिहिते, कारण ते तसंच होतं.

नीट लावली असती तर त्या दिवशी काही दिसलं असतं का? मॅडमना मी आडून आडून विचारलं होतं, दुसऱ्याच कुणाचं आहे असं भासवून. त्या म्हणाल्या, दिसलं असतं किंवा नसतंही, नीट काढलेली पट्टीसुद्धा सुरुवातीला साफ येऊ शकते. पण बाईला ठेवून घेऊन तासातासानं परत काढायला हवी होती. म्हणजे तू म्हणत होतीस तेच.

एका वेळच्या बटाट्याच्या कापांनी कुणी मरत नाही, बारके. तिच्या हृदयाच्या नळ्या दहा वर्षं भरत आल्या असणार. तुझ्या कढईचा त्यात काही संबंध नव्हता. तू अकरा वर्षं कोरडं खाल्लंस ते माझ्यामुळे.

आता माझा तिरस्कार कर, मला चालेल. पण त्या नॉर्मलवर विसंबू नकोस. ती पट्टी तुझ्या हृदयाची नाहीच.


३ एप्रिल

बारके,

सतरा दिवस झाले. लेक म्हणते, पत्र वाचलंस, घडी घालून मिठाच्या बरणीमागे ठेवलंस आणि कामाला लागलीस. पायऱ्यांवर आता तीनदा थांबतेस.

मी सोमवार ते शनिवार आठ ते दोन खोलीत असते. माझ्याकडून काढून घ्यायची नसेल तर दुसऱ्या पाळीत एक मुलगी असते, चांगली आहे, तिला मी शिकवलंय. म्हणजे नंतर, शहाणपण आल्यावर शिकवलंय. तिच्याकडे जा. कुठंही जा, पण जा.


६ मे

बारके,

तुझं पत्र आलं. या वेळी कोऱ्या कागदावर, आणि वर ‘ताई’ लिहिलंयस. तो शब्द मी दोनदा वाचला. मग पुढचं वाचायला चष्मा पुसावा लागला.

दोन गोष्टी विचारल्यास. तू इथे आलीस त्या दिवशी नेमकं काय झालं ते तुला धड आठवत नाही, आणि कुणी सरळ सांगत नाही, ते सांग म्हणतेस. ते आधी सांगते. दुसरं शेवटी.

१५ एप्रिल, सकाळी सव्वादहा. मी मान वर न करता ‘पुढचं’ म्हणून हाक मारली. आत कुणी आलं, चपला काढल्या. मी केसपेपर घ्यायला हात पुढे केला तर त्यावर तुझं नाव. तू पहाटेच्या गाडीनं एकटी आली होतीस, लेकीलाही न सांगता, खिडकीवर पैसे भरून, सगळ्यांसारखा नंबर लावून दीड तास बाकावर बसली होतीस. रंग पार उतरला होता तुझा. मी म्हणाले, ‘आत निरोप तरी द्यायचास गं!’ तू म्हणालीस, ‘ओळखीनं काढलेली बघितलीय मी.’

मी पडदा ओढला. तू टेबलावर चढलीस, मी काही म्हणायच्या आत स्वतःच बटणं काढलीस आणि वर पंख्याकडे बघत राहिलीस. मला म्हणालीस, ‘नीट लाव.’ मी फासळ्या मोजायला लागले आणि चुकले. परत पहिल्यापासून मोजल्या. एवढी बारीक झालीयस की मोजायला बोटांची गरजच नव्हती.

पट्टी बाहेर यायला लागली तेव्हाच मला दिसलं. चौथ्या, पाचव्या, सहाव्या रेघेत ठोक्यानंतरचा भाग खाली बसला होता. वरच्या वर लावलेलं असतं तर यातलं निम्मंही दिसलं नसतं. मी पट्टी फाडून हातात घेतली, तुला उठू नकोस म्हणाले, आणि कॉरिडॉरमधून पळत मॅडमकडे गेले. माझ्या वयाच्या बाईला पळताना बघून शिपाई हसला. मॅडम हसल्या नाहीत. स्ट्रेचर आलं. तू म्हणत होतीस, ‘मी चालते की.’ आम्ही चालू दिलं नाही.

आत हृदयाच्या दोन नळ्या तुंबलेल्या सापडल्या. एक नव्वद टक्के बंद, दुसरी सत्तर. दोन्हींत स्टेंट घातले. मॅडम म्हणाल्या, आणखी आठवडाभर बाई पायऱ्या चढत राहिली असती तर सांगता आलं नसतं. तुला गुंगीत हे सगळं अर्धवट ऐकू आलं असेल. तू मधेच मला विचारलंस, ‘पोरांचं जेवण कुणी केलं?’ मी म्हणाले, ‘मरत नाहीत पोरं एका दिवसात, पाव खातील.’ तू हसलीस. तेही तुला आठवत नसणार.

आता सूचना, त्या तुला आवडणार नाहीत. गोळ्या पाच आहेत, त्यातल्या दोन रक्त पातळ ठेवणाऱ्या. त्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत आणि बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत. सकाळी चालणं, सपाटीवर, वेळ हळूहळू वाढवत. कोठीतलं पोतं कुणा दुसऱ्यानं आणायचं. चहा दोन कप, साखर अर्धा चमचा, आणि पांढरा पाव बंद. जेवणात तेल घाल, मोजून दोन-तीन चमचे दिवसभरात. त्याची भीती बाळगू नकोस. लेक म्हणाली की तू परवा भाजीला फोडणी घातलीस आणि वास आल्यावर कढईपाशी बराच वेळ उभी राहिलीस. जेवलीस ना नंतर? ते तिनं सांगितलं नाही.

मला माफ केलंयस असं तू लिहिलेलं नाहीस. मी ते पत्रात शोधलं, खोटं कशाला बोलू. नाहीये. ठीक आहे. तू लिहिलंयस की अजून तुला माझ्याशी बोलताना राग येतो, पण बोलायचं आहे. एवढं पुरे आहे मला.

आता दुसरं. तुझं वाक्य मी तसंच उतरवते. ‘मी बाहेर बाकावर होते म्हणून विचारते. आईनं बटणं काढायला खरंच नको म्हटलं होतं का? कारण तुझ्या टेबलावर झोपल्यावर मला वाटलं, इथे माणूस सांगितलं तर काहीही काढून ठेवेल.’

हे पत्र मी चार दिवस लिहितेय, आणि वरचं सगळं पहिल्याच दिवशी लिहून झालं होतं.

आई टेबलावर झोपली होती. तिला घाम आला होता आणि तिनं मला विचारलं, ‘हे काढू का गं?’ हात वरच्या बटणावर होता, एक बटण काढलंसुद्धा होतं. मी आयुष्यात तिची छाती बघितली नव्हती. रोज चाळीस बायकांची बघायचे, पण ती आई होती, आणि मला कसंतरी झालं. ती लाजली नाही, बारके. मी लाजले. मी तिचा हात धरून बाजूला केला, ते बटण परत लावलं, आणि म्हणाले, ‘राहू दे आई, तशीच काढते.’

ताई